दुसऱ्याच्या हातानें मत
(शेतकरी व कारागीर यांच्या सभेंत झालेलें भाषण)



मतदानाच्या दिवशीं जो गांवांत नाहीं त्याच्या मताचें काय, हा आजचा प्रश्न आहे. आपल्या पुष्कळ घरांतला एक मुलगा फौजेंत आहे, आणि पुष्कळ घरांतलीं माणसें दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दोघेही त्या दिवशीं गैरहजर. पण कायद्याची नजर दोघांवर सारखी नाहीं.

शिपायाला सन २००३ पासून मतदानासाठीं मुखत्यार नेमतां येतो. आपल्या अधिकाऱ्यासमोर ठरलेल्या कागदावर सही केली, कीं गांवाकडे त्याचा बाप, भाऊ किंवा बायको केंद्रावर जाऊन त्याचें मत देते. मुखत्याराचें स्वतःचें मत निराळें राहतें. म्हणून शिपायाच्या मताची शाई मुखत्याराच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात. पण ध्यानांत ठेवा, तें मत पोराची ठेव आहे. त्याला न विचारतां बटण दाबणें म्हणजे ठेव खाणें होय. विश्वास उडाला तर मुखत्यार बदलण्याचीही त्याला मुभा आहे.

आतां ऊसतोड मजुराकडे वळूं. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेचें मतदान झालें, तेव्हां गाळपाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बीडचा मजूर सांगलीच्या फडांत असला, तर त्याला मुखत्यार नाहीं आणि टपालाचें मतही नाहीं. परदेशांत राहणाऱ्यांना मुखत्यार मिळावा म्हणून मात्र लोकसभेनें २०१८ सालीं विधेयक मंजूर केलें होतें! लोकसभेची मुदत संपून तें २०१९ सालीं बारगळलें.

कोणी म्हणेल, मग आम्हांसही मुखत्यार द्या. मी म्हणतों, जरा थांबा. तुमचा मुखत्यार कोण होईल? ज्यानें उचल दिली तो मुकादम! शिपायाचा बाप शिपायाचा सावकार नसतो. मुकादमाच्या वहींत मात्र तुमचें सारें घर लिहिलेलें असतें. ज्याचें देणें आपल्या डोक्यावर, त्याच्या हातीं आपलें मत दिलें तर तें आपलें राहील काय?

म्हणून मागणें निराळें असावें. मतदानाच्या दिवसाची पगारी सुटी कायद्यांत आहे. पण जाण्यायेण्याचें भाडें कोण देणार? उमेदवारानें फुकट गाडी पुरविणें कायद्याला मंजूर नाहीं. तेव्हां मतदानच फडाजवळ आणा. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचें मत घेण्याची योजना निवडणूक आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें मांडली होती. पक्षांचें त्यावर एकमत झालें नाहीं. मत मागायला येईल त्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, तुझ्या पक्षानें तेव्हां काय केलें?

आणि आपलें मत दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं त्या हातांत आपल्या कर्जाची वही नाहीं ना, तें आधीं पाहा.