तसबिरीला हार की पोराला भाकर?

(कर्मवीर जयंतीनिमित्त गावच्या शाळेत भरलेल्या सभेतील भाषण)



आज २२ सप्टेंबर. सन १८८७ साली याच तारखेस कुंभोज गावी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. दरसाल या दिवशी आम्ही मास्तर मंडळी तसबिरीला हार घालतो, मुलांकडून भाषणे घोकून घेतो आणि पेढे वाटून सभा उठवतो. भाषण लिहून देणारे आम्हीच आणि टाळ्या वाजवणारेही आम्हीच. यंदा ते करायला आमचे मन धजत नाही. का धजत नाही, ते शेवटी सांगू. आधी ज्यांची जयंती, त्यांची ओळख नीट करून घेऊ.

भाऊराव मोठे पदवीधर नव्हते. मॅट्रिकही झाले नव्हते. कोल्हापुरात शिकत असता १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या समारंभास हे गेले, आणि परत आल्यावर ‘विटाळ झाला, स्नान कर’ असे सांगताच त्यांनी साफ नकार दिला. पायी राहते बोर्डिंग सुटले, पण मान वाकली नाही. पुढे साताऱ्यात शिकवण्या करून पोट भरले. लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. मग किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओट्यावर बसतो, त्याच्या घरातली भाकर खातो. तिथे त्यांना दिसले की, रयतेच्या घरात पोरे हुशार आहेत. पण गावची शाळा चौथीला संपते आणि पुढच्या शाळेच्या गावी राहायला छप्पर नाही, खायला भाकर नाही. ज्ञानदेव घोलप नावाच्या मुलाला शाळेत इतरांबरोबर बसू देत नव्हते. भाऊरावांनी त्याला कोल्हापुरास नेऊन वसतिगृहात ठेवले. हेच घोलप पुढे ‘मूकनायक’चे संपादक आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. एका पोराचा हात धरला तर काय होते, याचा हा पुरावा.

१९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे सत्यशोधक मंडळींच्या साक्षीने रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशी सारी पोरे एका पंगतीला बसू लागली. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले, त्यांनी ती पंगत पाहिली आणि त्यांच्याच हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले.

आता एक गोष्ट मायबहिणींनी नीट ऐकावी. ही पंगत वाढत कोण होते? लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. पोरे त्यांना ‘वहिनी’ म्हणत. सोवळ्याओवळ्याच्या वळणात वाढलेली ही बाई. पण सर्व जातींच्या पोरांची ती आई झाली. माहेरचे सोने एकेक करून बोर्डिंगच्या दाणागोट्यात गेले. एकदा कोठीत दाणा उरला नाही आणि जवळ पैसा नाही, तेव्हा वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. पोरे त्या दिवशी जेवली. १९३० साली वहिनी वारल्या. तसबीर आम्ही भाऊरावांची लावतो. आमच्या भिंतीवर वहिनींची तसबीर अजून नाही. ही चूक आमची, आम्ही ती कबूल करतो.

आणि पोरांना हे फुकट मिळत होते असे समजू नका. ती दळण दळत, स्वयंपाक करीत, शेतात राबत, दगड फोडून इमारतीच्या कामाला लागत. ‘कमवा आणि शिका’ हे तिथले ब्रीद. दान घेणाऱ्याची मान खाली जाते, कष्टाची भाकर खाणाऱ्याची ताठ राहते, हे भाऊराव ओळखून होते. त्याच बोर्डिंगातले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली भाऊराव गेले. आज त्यांच्या संस्थेच्या शेकडो शाखा आहेत. पण मुळात काय होते? एक घर, एक चूल आणि परक्याचे पोर आपले मानणारी दोन माणसे.

आता आमचे मन का धजत नाही, ते सांगतो. गेल्या जयंतीला ज्या पोराने सर्वांत चांगले भाषण केले, तो आज या सभेत नाही. दिवाळी झाली, मुकादमाची उचल फेडायला त्याचे आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या मुलखात गेले. पोर मागे कोणापाशी ठेवणार? तेही गेले. पाचटाच्या कोपीत धाकटी बहीण सांभाळू लागले. आम्ही काय केले? हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहीत गेलो. उन्हाळ्यात ते परत आले. शाळेत बोलावले तर म्हणाले, “गुरुजी, मागचं सारं बुडलं. आता नाही जमत.” त्याला भाऊरावांचे चरित्र तोंडपाठ होते, मंडळी! आणि आम्हा चार मास्तरांना, एवढ्या मोठ्या गावाला, त्याला सहा महिने भाकर घालणे सुचले नाही. कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. सरकारने करावे तेवढे थोडेच, आणि त्यासाठी आम्ही अर्ज करूच. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत पोर कोपीत असते.

म्हणून आमचे मागणे ऐका. यंदा हार नाही, पेढे नाहीत. ते पैसे बाजूला काढले आहेत. दिवाळीनंतर गावातून जाणाऱ्या घरांची एकवीस पोरे आमच्या पटावर आहेत. त्यांत नऊ मुली आहेत. आम्ही मास्तर प्रत्येकी दोन पोरे आपापल्या घरी ठेवतो. बाकीची तेरा उरतात. ज्या घरात म्हातारी आजी आहे, चूल पेटती आहे, त्यांनी एकेक पोर घ्यावे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी आठवड्याला पायलीभर धान्य द्यावे. मुलींना ‘घरकामाला बऱ्या’ म्हणून कोणी घेऊ नये. त्या शिकायला राहणार आहेत. पोरे शाळेची बाग करतील, पाणी भरतील. आयते खाणार नाहीत.

एक अट मात्र आम्ही आधीच सांगतो. रविवारी साऱ्या पोरांची एक पंगत शाळेत बसेल. शेजारी कोणाचे पोर बसले हे ज्याला पाहायचे असेल, त्याने आपले धान्य घरीच ठेवावे.

मायबहिणींनो, तुमच्या गळ्यातले आम्ही मागत नाही. वहिनींनी ते एकदाच देऊन आपणा सर्वांवर ऋण करून ठेवले आहे. तुमच्या परातीतली एक भाकर मागतो. वही इथे मेजावर उघडी आहे. पहिली चार नावे मास्तरांची लिहिली आहेत. पुढची ओळ मोकळी आहे.