तिजोरी आणि हिशेब



घरखर्चाचा हिशेब बाईने ठेवायचा, पण पैसा कुठे जाणार हे ठरवायचे दुसऱ्याने, ही वाटणी आपल्या चांगली ओळखीची आहे. देशाची तिजोरी बाईच्या हाती आली तर काय होते? त्यासाठी नायजेरियाच्या एन्गोझी ओकोन्जो-इवेला यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

त्यांचा जन्म १९५४ चा. बियाफ्राच्या युद्धात (१९६७-७०) शाळकरी वयात त्यांनी उपासमार पाहिली. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून त्यांनी १९८१ साली डॉक्टरेट मिळवली आणि मग जागतिक बँकेत नोकरी केली. २००३ मध्ये त्या अर्थमंत्री झाल्या. २००५ साली सावकार देशांशी झालेल्या करारात नायजेरियाचे सुमारे १८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ झाले. मात्र त्यासाठी सुमारे १२ अब्ज रोख मोजावे लागले.

मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. तेलाचा पैसा दरमहा केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्थांत वाटला जातो. कोणाला किती मिळाले, हे त्यांनी वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. आता दवाखान्याचा पैसा कुठे गेला, हे गावातली बाईही विचारू शकत होती.

पण दुसरी बाजूही बघू या. २०११ मध्ये त्या पुन्हा अर्थमंत्री झाल्या. १ जानेवारी २०१२ ला सरकारने पेट्रोलवरील अनुदान एकदम काढले. ६५ नायराचे पेट्रोल १४० च्या वर गेले, प्रवासभाडी भडकली. अनुदान व्यापारीच गिळतात, हे सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. तरी भार पडला तो रोज बाजारात जाऊन विकणाऱ्या बायांवरही. लोक रस्त्यावर उतरले, देशभर संप झाला आणि दर ९७ वर आणावा लागला.

त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या ८२ वर्षांच्या आईला पळवून नेण्यात आले. अपहरणकर्त्यांनी आपला राजीनामा मागितला, असे त्या सांगतात. आई काही दिवसांनी सुटली. त्यांनी राजीनामा दिला नाही.

२०२१ मध्ये त्या जागतिक व्यापार संघटनेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. याचा आनंद मलाही आहे. पण खुर्चीवर बाई बसली म्हणजे निर्णय बायांच्या बाजूचे होतात, असे नाही. हिशेब उघडा असेल आणि तो वाचून जाब विचारणाऱ्या बाया संघटित असतील, तरच काही बदलते. आकडे समजून घेण्याचे काम म्हणूनच आपल्या गटांनीही करायला हवे.