मात्रा कमी, पोच जास्त



प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग स्नायूंचा असतो. स्नायुविकार असलेल्या मुलांत पायाच्या पोटरीपासून श्वासपटलापर्यंत पसरलेल्या या ऊतीत निरोगी जनुक पोचवायचे कसे, हा या परिषदेपुढचा प्रश्न आहे.

हे काम आज प्रामुख्याने करतो तो अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस, म्हणजे एएव्ही. १९६५ साली दुसऱ्याच विषाणूच्या नमुन्यांत तो भेसळ म्हणून सापडला. त्याच्यामुळे माणसाला कुठलाही आजार होत असल्याचे ठाऊक नाही, म्हणून तो उपचाराला सोयीचा ठरला. पण जागा तोकडी. त्याच्या कवचात जेमतेम ४,७०० अक्षरांचा डीएनए मावतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायुविकारात बिघडणारे डिस्ट्रोफिनचे जनुक मात्र २२ लाख अक्षरांचे. त्यातला फक्त प्रथिन घडवणारा मजकूर घेतला तरी तो मावत नाही. शास्त्रज्ञांनी कात्री लावून ‘मायक्रोडिस्ट्रोफिन’ बनवले. त्यावर आधारलेल्या ‘एलेव्हिडिस’ या उपचाराला अमेरिकेत जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत ३२ लाख डॉलर.

जनुक आखूड झाले, तरी मात्रेचा प्रश्न उरलाच. एलेव्हिडिसची मात्रा दर किलो वजनामागे १३३ लाख कोटी विषाणुकणांची. वीस किलोच्या मुलाला २,६०० लाख कोटींहून अधिक कण. एवढे का? कारण शिरेतून सोडलेल्या कणांचा मोठा वाटा यकृतच गिळते. एका घरी ताट पोचवण्यासाठी सगळ्या गावाला पंगत घालावी, तसा हा प्रकार.

आणि ही पंगत जिवावर बेतू शकते. मायोट्युब्युलर मायोपॅथी या दुसऱ्या स्नायुविकारावरील एएव्ही उपचाराच्या चाचणीत २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत चार मुले दगावली. यकृताची गुंतागुंत या प्रकरणांच्या मुळाशी होती. २०२५ मध्ये एलेव्हिडिस घेतलेली, चालता न येणारी दोन मुले यकृत निकामी होऊन गेली.

म्हणून आता कवचच नव्याने घडवले जात आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या चमूने ‘मायोएएव्ही’ हे कवच प्रसिद्ध केले. एएव्ही-९ या प्रकाराच्या कवचाच्या एका वळणात सात अमिनो आम्लांचे यादृच्छिक तुकडे बसवून त्यांनी असंख्य वाण तयार केले आणि प्राण्यांत सोडले. निवडीची कसोटी कडक होती. स्नायूत नुसता पोचलेला वाण बाद. ज्याने नेलेले जनुक तिथे प्रत्यक्ष वाचले गेले, तोच पुढे. उंदरांत पहिला विजेता निरनिराळ्या स्नायूंत एएव्ही-९ पेक्षा १० ते २९ पट सरस ठरला आणि यकृतात कमी गेला. मायोट्युब्युलर मायोपॅथीच्या उंदरांना तर माणसांवरील चाचण्यांतल्या मात्रेच्या जवळपास शंभराव्या भागाने गुण आला.

त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीतील हायडेलबर्गच्या गटाने वेगळ्या वाटेने ‘एएव्हीमायो’ शोधले होते. दोन्ही कवचांवर तीच तीन अमिनो आम्ले सापडली: आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. हे त्रिकूट पेशींच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन प्रथिनांना चिकटते. दोन प्रयोगशाळा स्वतंत्रपणे एकाच खुणेवर येतात, तेव्हा त्या खुणेला वजन येते.

तरी उंदीर म्हणजे माणूस नव्हे. अनेकांच्या रक्तात एएव्हीविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात आणि एकदा उपचार घेतल्यावर दुसरी मात्रा सहसा देता येत नाही. पहिली मात्राच नेमकी बसावी लागते.

परिषदेच्या या दोन दिवसांसाठी स्वागत समितीची वक्त्यांना एकच विनंती आहे. स्नायूंचा आलेख दाखवाल तेव्हा शेजारी यकृताचाही दाखवा आणि दर किलोची मात्रा पहिल्याच पडद्यावर लिहा. उपस्थित पालकांनी न संकोचता मराठीतून प्रश्न विचारावेत. उत्तरेही मराठीतच मिळावीत.