चौरस फुटांच्या पलीकडे
(शिबिरातील भाषण)



१९८२च्या संपानंतर गिरणगाव मोडले. १९९१च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले: मालक, म्हाडा आणि महापालिका. २००१मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जागेची उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. लोअर परळला कचेऱ्या, मॉल आले. जमिनीचा भाव चढला आणि शेजारच्या चाळींवर बिल्डरांची नजर गेली.

भाव चढला की इमारतीचा आराखडाही बदलतो. खाली गाड्यांचे मजले, विक्रीचा टॉवर वेगळा, भाडेकरूंचा वेगळा. चाळीची गॅलरी जाते. ती नुसती ये-जा करायची वाट नव्हती. तिथे खानावळवाल्या बायका भाजी निवडत, शेजारणीच्या पोरावर लक्ष ठेवत. नवऱ्याने हात उगारला तर चारजणी धावत. विसाव्या मजल्यावरच्या बंद दारामागे कोण धावणार?

म्हणून फक्त चौरस फूट मोजू नका. घर दोघांच्या नावावर, मजल्यावर रुंद सामाईक गॅलरी, तळाशी बालवाडी आणि बायकांच्या धंद्याला जागा, देखभालीचा खर्च लेखी, हे मागा. आराखडा सभेत बायकांसमोर वाचून घ्या. संमतीपत्रावर सही त्यानंतरच!