बेटांना कोण विचारतं?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडच्या लोकांनी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मतदान केलं. सुमारे ५५ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. आपण ती बातमी एडिनबरा विरुद्ध लंडन अशी वाचली. पण त्या भांडणात तिसरा एक पक्ष होता आणि त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत फारसं आलंच नाही. तो पक्ष म्हणजे शेटलंड, ऑर्कनी आणि पश्चिमेकडची बेटं. शेटलंड आणि ऑर्कनी मिळून वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. ऑर्कनीत ६७ टक्के, शेटलंडात जवळपास ६४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारलं. निकाल उलटा लागला असता तर या लोकांना कोणत्या न्यायाने नव्या देशात ओढलं असतं? या प्रश्नाला स्वातंत्र्यवाद्यांनी उत्तर द्यायला हवं, असं मला वाटतं. आणि ऐक्यवाद्यांनीही.

ही बेटं स्कॉटलंडची झाली कशी, ते ऐका. पंधराव्या शतकात ती नॉर्वेच्या मुकुटाची होती. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. हुंडा ठरला साठ हजार फ्लोरिन. खजिन्यात खडखडाट. म्हणून १४६८ मध्ये पन्नास हजारांपोटी ऑर्कनी गहाण टाकलं. उरलेल्या दहा हजारांपैकी दोनच हजार हाती आले, तेव्हा पुढच्या वर्षी आठ हजारांसाठी शेटलंडही गहाण पडलं. गहाण कधीच सुटलं नाही. बेटकऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. आजही शेटलंडच्या लर्विक बंदरातून नॉर्वेचं बर्गन हे एडिनबऱ्यापेक्षा जवळ आहे.

या जुन्या गोष्टीचा आधार घेऊन कोणी ‘आम्हाला नॉर्वेला परत द्या’ म्हणतो, तेव्हा वर्तमानपत्रं खूश होतात. ऑर्कनीच्या परिषदेने २०२३ मध्ये कारभाराच्या पर्यायांचा अभ्यास करायचा ठराव केला, त्यातलं नॉर्वेचं नाव जगभर छापून आलं. त्यामागचं दुखणं मात्र बोटींचं होतं. छोट्या बेटांना जोडणाऱ्या फेरीबोटी जुन्या झाल्या, नव्यांसाठी पैसा मिळेना. तिथे बोट बंद म्हणजे दवाखाना बंद, बाजार बंद, गुरांची विक्री बंद. बेटकऱ्याची राजकीय जाण या बोटीपासून सुरू होते, हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं समजतं.

आता सलम व्होची हकीकत. १९७० च्या सुमारास उत्तर समुद्रात तेल सापडलं आणि कंपन्यांची नजर शेटलंडच्या या खोल, आडोशाच्या खाडीवर गेली. परगण्याच्या परिषदेला कळून चुकलं की एकदा तेल वाहू लागलं की आपल्याला कोणी विचारणार नाही, जे मागायचं ते आत्ताच. तिने लंडनच्या संसदेतून १९७४ चा खास कायदा करून घेतला. त्याने परिषदेला जमीन सक्तीने संपादन करण्याचा आणि बंदर स्वतः चालवण्याचा अधिकार मिळाला. मग कंपन्यांशी करार झाला. बेटांना होणाऱ्या उपद्रवाचा मोबदला म्हणून पैसा येऊ लागला, तो लोकांच्या निधीत साठला आणि त्यातून वृद्धांची सेवाकेंद्रं उभी राहिली, पोहण्याचे तलाव बांधले गेले. स्वयंनिर्णय यापेक्षा वेगळा काय असतो? झेंडा बदलला नाही. खाडीच्या किल्ल्या मात्र गावाच्या हाती आल्या.

बेटं दिल्लीवाल्यांसारख्या कुठल्याही राजधानीवाल्यांना सरळ मान डोलावत नाहीत. १९७५ मध्ये युरोपीय सामायिक बाजारपेठेत राहण्याच्या प्रश्नावर अख्ख्या ब्रिटनमध्ये फक्त दोन मतमोजणी क्षेत्रांनी ‘नको’ म्हटलं: शेटलंड आणि पश्चिमेकडची बेटं. १९७९ मध्ये स्कॉटलंडला विधिमंडळ देण्याचा प्रश्न आला, तेव्हा शेटलंड आणि ऑर्कनीने सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी नकार दिला. त्याआधी तिथले खासदार जो ग्रिमंड यांनी संसदेत दुरुस्ती मांडून बजावलं होतं, की बेटांनी नकार दिला तर त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल.

म्हणूनच २०१३ मध्ये तिन्ही बेट-परिषदा एकत्र आल्या. त्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूने किंवा विरोधात भूमिका घेतली नाही. दोन्ही सरकारांना एकच विचारलं: आम्हाला काय देता? स्कॉटलंडचे तेव्हाचे प्रथम मंत्री ॲलेक्स सॅमंड लर्विकला येऊन जाहीरनामा करून गेले. लंडनहूनही आश्वासनं आली. त्यातून पुढे २०१८ चा बेट कायदा झाला. त्यात एक छोटं कलम आहे. नकाशा छापताना शेटलंड खूप उत्तरेला पडतं म्हणून त्याला चौकटीत घालून खाली मुख्य भूमीजवळ चिकटवायची पद्धत होती. सरकारी नकाशांत आता तसं करायचं नाही. केलंच तर कारण द्यावं लागतं. कोणाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. ज्याचं अंतर तुम्ही कागदावर पुसता, त्याच्या बोटीचा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात कसा दिसणार?

आक्षेप रास्त आहे: प्रत्येक बेटाने वेगळं मत मोजायला लावलं तर देश कुठे थांबेल? कोमोरोस बेटांचं उदाहरण समोर आहे. १९७४ मध्ये चार बेटांनी मिळून ९५ टक्के मतांनी फ्रान्सपासून स्वातंत्र्य मागितलं. एकट्या मायोतने नकार दिला. फ्रान्सने मग बेटवार मोजणी धरली आणि मायोत ठेवून घेतलं. पुढे उरलेल्या तीन बेटांवरून मायोतला यायला फ्रान्सने व्हिसा लादला. पूर्वी सहज नातेवाइकांकडे जाणारी माणसं आता लहान होड्यांतून लपून जाताना बुडतात. मोजणीचं एकक मतदानानंतर, बलवानाच्या सोयीने ठरलं की असं होतं. गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलात दमण-दीवचा प्रश्न वेगळा ठेवून त्यांची मतं वेगळी मोजली होती, आणि ते आधी ठरलं होतं. गोव्यात सुमारे ३४ हजार मतांनी महाराष्ट्रातलं विलीनीकरण हरलं. आपल्यातल्या अनेकांना तो निकाल बोचला, पण त्याचा आदर झाला.

योग्य वाट ऑलंडने दाखवली आहे. फिनलंड १९१७ मध्ये स्वतंत्र झालं, तेव्हा या स्वीडिश भाषिक बेटांनी स्वीडनमध्ये जायची मागणी केली. १९२० मध्ये फिनलंडने त्यांच्या नेत्यांना राजद्रोहासाठी पकडलं. प्रकरण राष्ट्रसंघाकडे गेलं. १९२१ मध्ये निकाल लागला: बेटं फिनलंडची, पण भाषा, जमिनीची मालकी आणि स्थानिक चालीरीती यांना लेखी हमी. ऑलंडला हवं ते मिळालं नाही. तरी १९२२ पासून त्यांचं स्वतःचं विधिमंडळ आहे. १९९४ मध्ये फिनलंड युरोपीय संघात जायला निघालं, तेव्हा ऑलंडमध्ये वेगळं सार्वमत घेतलं गेलं. वस्ती अवघी पंचवीस-तीस हजार, तरी विचारलं गेलं.

स्कॉटलंडमध्ये हा वाद संपलेला नाही. शेटलंडच्या परिषदेने २०२० मध्ये स्वयंनिर्णयाचे पर्याय तपासण्याचा ठराव मोठ्या बहुमताने केला. पुन्हा सार्वमत झालं, तर बेटांचे समुद्रतळाचे हक्क, बोटींचा खर्च आणि नव्या राज्यघटनेतलं त्यांचं स्थान हे सगळं मतदानाआधी कायद्यात लिहून, छापून बेटकऱ्यांच्या हाती द्यायला हवं. त्यावर त्यांची मतं वेगळी मोजून जाहीर व्हावीत, आणि त्या मतांचा परिणाम काय होईल, तेही त्याच कागदावर असावं.