पाय वर जायला लागलेली चाळीस वर्षं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आतापर्यंत सगळे नोकरी, निवृत्ती आणि नातवंडांवर बोलले. मी हातांवर उभं राहण्याबद्दल बोलणार आहे. हसू नका, या गोष्टीची सुरुवात आपल्या शाळेच्या मैदानावरच झाली.

आठवीत पीटीच्या तासाला सर भिंतीला पाय टेकवून हातांवर उभं राहायला शिकवायचे. तुम्ही मुलगे तर दिवेआगरच्या पुळणीवर हातांवर चालायचात. माझा नंबर आला की माझं पोट दुखायचं. दर आठवड्याला! सरांना कळत होतं, पण ते काही न बोलता मला बाजूला बसू द्यायचे. ते बाजूला बसणं माझ्या अंगवळणी पडलं. पुढे मी पोहायला शिकले नाही, स्कूटर शिकले नाही. पाय जमिनीवरून सुटतील असं काही केलंच नाही.

३ जून २०२० आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आलं. मी पुण्यात होते, बोर्लीला फोन लागत नव्हता. रस्ते मोकळे झाल्यावर आले, तर घरावर कौलं नाहीत, वीज नाही आणि अण्णांची सुपारीची वाडी आडवी. लहानपणी जिच्या सावलीत अभ्यास केला, तिथे लख्ख ऊन. झाडांची मुळं वर आलेली. मला रडू आवरेना. अण्णा तेव्हा ऐंशीचे. ते म्हणाले, "बाय, रडून काय? रोपं बघायला हवीत." सुपारी लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. हा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला येत होता. तरी त्यांनी रोपं लावली.

पुण्याला परतल्यावर माझं ते पोट दुखणं मला पहिल्यांदा लाजिरवाणं वाटलं.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवायला पुण्यात आले आणि २०१४ साली जाईपर्यंत पुण्याचेच राहिले. दोर, पट्टा, लाकडी ठोकळे, खुर्ची, भिंत यांचा आधार घेऊन सामान्य माणसालाही आसन करता यावं, ही त्यांची पद्धत. त्या पद्धतीने शिकवणाऱ्या एका ताईंकडे मी जात होते. हातांवर उभं राहण्याच्या आसनाला अधोमुख वृक्षासन म्हणतात, म्हणजे उलटं झाड. २०२१च्या जानेवारीत मी ताईंना म्हटलं, "मला हे शिकायचंय." तेव्हा मी बावन्न वर्षांची होते.

मला वाटायचं, हातांत ताकद नाही म्हणून जमत नाही. ताईंनी आधी तळवे जमिनीवर आणि पाय मागे भिंतीवर कमरेच्या उंचीला ठेवायला लावले. कोपरांच्या वर पट्टा बांधला. मनगट, कोपर, खांदा एका रेषेत आले की भार हाडांवर जातो, स्नायूंना फार झुंजावं लागत नाही. मी तशी मिनिटभर उभी राहिले. म्हणजे ताकद होती! अडचण होती ती पाय उडवताना. मागचं दिसत नाही, म्हणून घाबरून ऐन वेळी कोपर वाकायचं. आणि कोपर वाकलं तरच माणूस डोक्यावर येतो. मला पाडणारी गोष्ट माझी भीतीच होती.

एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने वर्ग बंद झाला. घरातल्या पॅसेजच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर तळवे टेकवून मी रोज दहा वेळा पाय उडवायची आणि दहा वेळा परत यायची. अण्णा फोनवर विचारायचे, "गेले का पाय वर?" मी विचारायची, "रोपं कशी आहेत?" दोघांचंही उत्तर एकच असायचं, "आहेत तिथेच."

डिसेंबरमधल्या एका सकाळी टाचा भिंतीला लागल्या. टप् असा आवाज झाला. मी तशीच उलटी हसत होते. खाली आल्यावर पहिला फोन अण्णांना केला. ते म्हणाले, "आता भिंत सोड."

भिंत अजून पूर्ण सुटलेली नाही. एक टाच काढते, मग दुसरी, चार-पाच श्वास राहते, पुन्हा टेकवते. अण्णा २०२३ मध्ये गेले. त्यांनी लावलेल्या वाडीत आता पुन्हा सावली पडू लागली आहे. काल संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहिले. पायांवरच, काळजी नको!

आता सावधगिरीचं सांगते. घरी जाऊन लगेच पाय उडवू नका. रक्तदाब, काचबिंदू, मानेचं किंवा मनगटाचं दुखणं असेल तर हे आसन नकोच. बाकीच्यांनीही जाणत्या शिक्षकासमोरच करावं. पण प्रत्येकाची एखादी तरी गोष्ट असेल, जिच्या वेळी आपण पोट दुखतंय म्हणून बाजूला बसलो. ती एकदा आठवून बघा. साठीच्या आत अजून थोडा वेळ आहे, आणि अण्णांचं बघितलं तर ऐंशीलाही असतो.

पीटीचे सर आज आपल्यात नाहीत. असते तर त्यांना एवढंच सांगितलं असतं, "सर, पोट दुखायचं थांबलं."