आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

(आकाशवाणीवरील भाषण)



मला सात मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे छोटा, उचलून नेता येणारा टीव्ही. तो घरी कसा वापरावा, बाहेर कसा न्यावा, हे सांगायचं आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. टीव्ही विकत घेण्याआधी त्याला चित्र कुठून मिळणार आहे ते बघा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपली म्हातारी माणसं म्हणायची. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा.

गेल्या हळदीच्या हंगामात एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. मी वसमतला तीसहून अधिक वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो आहे, त्यामुळे खेड्यापाड्यातली पोरं मला काका म्हणतात. त्याच्या काखेत दहा इंची, नवाकोरा टीव्ही होता. वडील आखाड्यावर रात्र-रात्र हळदीच्या कुकरपाशी जागतात, त्यांच्यासाठी त्यानं हौसेनं आणलेला. म्हणाला, "काका, कांडी पूर्ण ओढली, चारी दिशांना फिरवली, पडदा निळाच. जुन्या पोर्टेबलवर निदान मुंग्या तरी यायच्या. पीस खराब निघाला." पीस चांगला होता, ठणठणीत होता. पोहऱ्याला भोक नव्हतं, आड कोरडा होता.

हे नीट समजून घ्या. १९८७च्या जानेवारीत रामायण सुरू झालं, तेव्हा आपल्याकडे चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल कौतुकाचा होता. त्याच्या पाठीमागे बारा व्होल्टचं तोंड असायचं. रविवारी सकाळी लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी अंगणात यायची आणि अख्खी गल्ली समोर बसायची. हे चालायचं, कारण दूरदर्शनचा प्रक्षेपक जमिनीवर होता आणि त्याच्या लहरी हवेतून घरापर्यंत यायच्या. दूरच्या गावानं लांब बांबूवर अँटेना चढवायचा, जवळच्यानं नुसती कांडी ओढायची. दोर लांब असो की आखूड, आडात पाणी होतं.

तो आड आता बुजवला आहे. ३१ मार्च २०२२पर्यंत मोजके प्रक्षेपक सोडून दूरदर्शनचे जमिनीवरचे सगळे जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले. विकणारा सांगतो, "हा डिजिटल आहे, कांडीवर चालतो." कांडीवरच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी २०१६मध्ये देशातली सोळा शहरं निवडली होती. त्यांत महाराष्ट्रातली दोनच, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. वसमतच्या वाट्याला तो आड कधी आलाच नाही. म्हणून म्हणतो, कांडी बघून टीव्ही घेऊ नका.

मग पाणी आहे कुठे? आकाशात आहे, आणि फुकट आहे. दूरदर्शनची फ्री डिश डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. छत्रीचा आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. त्या पोराच्या आखाड्यावर मी छत्री बसवून दिली. तुम्हीही बसवू शकाल. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपलं वसमत ७७ अंशांच्या जरा पुढे. म्हणजे आपल्यासाठी तो दक्षिण आणि पूर्वेच्या मधोमध, आग्नेयेला आला. आग्नेय ही आपल्याकडे चुलीची दिशा, तेव्हा ती बायकांना विचारा, त्या बिनचूक दाखवतील. उपग्रह आकाशात चांगला उंच, साठ अंशांवर आहे, म्हणून बांधाला उभा असलेला ऊस आड येत नाही. पण लिंबाच्या झाडाखाली छत्री लावाल तर चित्र येणार नाही. धुवाधार पावसातही ते जातं. तेवढ्या वेळेपुरता दोर तुटला असं समजा आणि छत्री फिरवत बसू नका. पाऊस सरला की चित्र आपोआप येतं. त्या पोराच्या आखाड्यावर तर छत्री बसली आणि तासाभरात त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी सह्याद्रीवरच्या बातम्या लावल्या.

आता दोर झाला, पोहरा झाला. पण शेंदायला मनगटात बळ लागतं, ते बळ म्हणजे बॅटरी. छोटा टीव्ही आणि बॉक्स मिळून तीस वॅट धरा. बारा व्होल्टवर ते अडीच अँपिअर होतात. फवारणीच्या पंपात असते ती बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर तीन तास चालेल, पण तिला पार उपसू नका. दीड तासात बंद करा, तर ती वर्षानुवर्षं टिकेल. लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी केली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि मग ती चार्जिंग घेत नाही. उन्हाळ्यात आडाचा गाळ ढवळला जाईपर्यंत आपण पाणी उपसतो का? आणि ट्रॅक्टरची बॅटरी रात्रभर टीव्हीला लावणाऱ्यांना मी रागावूनच सांगतो, ऐन हंगामात सकाळी ट्रॅक्टर चालू झाला नाही तर दिवस गेला. इंजिन चालू असताना तर टीव्ही त्या बॅटरीला जोडूच नका. तिथला दाब चौदा व्होल्टच्या वर जातो, शिवाय स्टार्टर मारताना झटके बसतात. लाल वायर पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. उलटी लावून जळालेले किती संच माझ्या टेबलावर आले, मोजदाद नाही.

प्रवासाचं विचाराल तर चालत्या गाडीतून आड शेंदता येत नाही. छत्री एका जागी रोखलेली लागते. पूर्णा-अकोला गाडीत बसून छोट्या टीव्हीवर डिशचं चित्र येणार नाही. घरून पेन ड्राइव्हवर काहीतरी भरून न्या, तेवढंच. मात्र साखर कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर चालकापुढे टीव्ही मांडलेला मी पाहिला आहे. बाबांनो, मागे दोन ट्रॉल्या, रात्रीचा रस्ता आणि नजर पडद्यावर! हे आजपासून बंद करा. मुक्कामाच्या ठिकाणी, कोपीवर बघा. लेकरंबाळं घेऊन चार-पाच महिने उसाच्या फडात राहणाऱ्या माणसांना संध्याकाळी टीव्ही असावा, हे मला मनापासून वाटतं. त्यांच्या कोपीवर फ्री डिशची छत्री बघितली की बरं वाटतं.

आणखी एक सांगायचं होतं. पांगरा शिंदे गावाच्या परिसरात जमिनीतून आवाज येतात. १० जुलै २०२४च्या सकाळी आपल्या जिल्ह्याला ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तो तुम्ही अनुभवला आहे. अशा वेळी घराबाहेर, बॅटरीवर चालणारं काहीतरी हाताशी हवं. टीव्हीची छत्री घाईत रोखता येत नाही, त्यासाठी ट्रान्झिस्टरच बरा, आणि त्याचे सेल... पण मला वेळ संपल्याची खूण झाली आहे.

जाता जाता पुन्हा तेच सांगतो, कारण कुणीतरी आत्ताच रेडिओ लावला असेल. दुकानात गेलात तर "कांडीवर चालतो" या शब्दावर पैसे मोजू नका. फ्री डिशचा बॉक्स लागतो का, की ट्यूनर आतच आहे, आणि बारा व्होल्टचं तोंड आहे का, हे विचारा. दुकानातच चित्र लावून दाखवायला सांगा. ज्यांच्या घरी छोटा टीव्ही निळा पडदा दाखवत पडला आहे, त्यांनी तो भंगारात देऊ नये. आधी छत्री आग्नेयेला रोखून बघा.